आतोबांचे फोडलेले डबे

आमच्या आतोबांना बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, सत्तरी उलटली तरी जिना चढताना ते माझ्या दोन पायऱ्या पुढेच असतात. पण बसणं नावाची जी साधी गोष्ट यच्चयावत माणसांना जमते, ती त्यांना आजवर जमलेली नाही. ते खुर्चीच्या कडेला टेकतात, चहाचा एक घोट घेतात आणि कुणीतरी हाक मारल्यासारखे उठून गॅलरीत जातात. हाक कुणीच मारलेली नसते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उमेळ्याला त्यांची केळीची वाडी होती; आता तिथे सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर हे दोघं राहतात. वाडी होती तोवर या चुळबुळीला निदान जागा होती. पाणी वळव, बुंध्याशी फुटलेले मुनवे काढ, वाळकी पानं छाट, यात दिवस सरायचा. आता ती सगळी वाडी दोन खोल्या आणि एका गॅलरीत कोंडली आहे. सकाळी स्वतःची पाच झाडं झाली की ते पाण्याची झारी घेऊन मजल्यावरच्या सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालतात. समोरच्या बाईंनी दाराशी ठेवलेलं फुलझाड प्लास्टिकचं आहे, हे त्यांना सांगावं लागलं. "मला काय दिसत नाय?" ते म्हणाले, "पण बाकीच्यांना घालायचं आणि त्याला नाय, हे बरं दिसतं का?" अजूनही त्या झाडाला रोज पाणी मिळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चव. स्वतः चाखल्याशिवाय खाण्याची कुठलीही वस्तू नात्यागोत्यात जाऊ द्यायची नाही, हा त्यांच्या वाडीचा जुना शिरस्ता. केळ्यांची फणी कुणाकडे द्यायची असली की आधी तिचं एक केळं मोडून खायचं, गोड लागलं तर फणी द्यायची, नाहीतर गाईपुढे टाकायची. माझ्या लग्नात आमच्या बाजूच्या मंडळींनी मुलीकडच्यांना काजू-बदामाची तबकं दिली. आतोबांनी राजेळी केळ्यांची एक देखणी फणी माझ्या सासऱ्यांच्या हातात ठेवली, आणि तिच्या बरोब्बर मध्ये एक केळं नव्हतं. सासरे सज्जन माणूस. त्यांनी फणी उलटीपालटी केली आणि हळूच विचारलं, "उंदरानं खाल्लं का हो?" "उंदरानं कशाला? मी खाल्लं," आतोबा छाती काढून म्हणाले. माझ्या सासुरवाडीत आजही कुठल्याही पदार्थाला भोक दिसलं की आधी आतोबांची आठवण निघते.

या माणसाने यंदाच्या दिवाळीत जो धुमाकूळ घातला तो कळण्यासाठी बायबद्दल सांगायला हवं. बाय म्हणजे आतोबांची थोरली बहीण. होळी गावात दिलेली आहे, म्हणजे उमेळ्याहून रिक्षात बसलात तर भाडं ठरवण्याची हुज्जत संपायच्या आत पोचाल. वाडी इमारतीसाठी द्यायचं ठरलं तेव्हा बायने एकच गोष्ट मागितली होती. "विहिरीजवळचा राजेळीचा कोपरा तेवढा ठेव." आतोबा हो म्हणाले. बिल्डरही हो म्हणाला. बिल्डर लोक हो छान म्हणतात. वास्तुशांतीला बाय आली, खाली गाड्या लावायच्या जागेत उभी राहिली, "इथंच होती ना?" एवढंच तिने विचारलं आणि पाण्याचा घोटही न घेता परत गेली. भांडण नाही, बोल नाही. फक्त त्या वर्षीपासून भाऊबीजेला तिचं बोलावणं बंद झालं. आणि बहिणीने ये म्हटल्याशिवाय ओवाळून घ्यायला जायचं कसं, या प्रश्नापाशी आतोबांची स्कूटर अडली ती अडलीच. दरवर्षी भाऊबीजेच्या सकाळी ते नवा शर्ट घालतात, फोन चार्जिंगला लावतात, काढतात, पुन्हा लावतात आणि संध्याकाळी शर्ट उतरवतात. मला त्या शर्टाकडे बघवत नाही.

बोलावणं येवो न येवो, दिवाळीची भेट मात्र त्यांनी चुकवली नाही. ते काम माझ्याकडे असायचं. वाडी गेली, आता फणी कुठली देणार, म्हणून मी आचोळ्याला माझ्या घरी बसून मोबाईलवर एखादा चांगलासा डबा शोधायचा, बायचा पत्ता टाकायचा आणि कंपनीने तो परस्पर होळीला पोचवायचा. बायकडून आत्याला निरोप यायचा, "पोचलं." चांगलं होतं नाही, वाईट होतं नाही, नुसतं पोचलं. त्या एका शब्दावर आतोबा महिनाभर येरझाऱ्या घालायचे. काजूकतली आवडली नसेल. मग सुका मेवा पाठवला, तरी पोचलं. साताऱ्याचे पेढे पाठवले, पोचलं. यंदा घटस्थापनेलाच त्यांनी मला बोलावून घेतलं आणि जाहीर केलं, "निवड चुकते आहे. या वर्षी मी निवडणार. बायनं फोन उचलून बोललंच पाहिजे असं काहीतरी."

मी त्यांना मोबाईलवर दुकानं दाखवली आणि तिथेच माझी चूक झाली. माणसाच्या हातात अख्ख्या देशाचं खाणं आलं आणि त्यातलं एकही तोंडात घालता येईना. फोटो बोटांनी मोठा करकरून ते बर्फीचा पोत बघायचे. "हा काजू रंगवलेला आहे." खालचे अभिप्राय वाचून म्हणायचे, "हा कोण, याला पाच चांदण्या द्यायला कुणी सांगितलं? याची जीभ कुणी बघितली आहे?" बेळगावच्या कुंद्यापाशी आले, तिथून कोकणातल्या फणसपोळीकडे वळले, तिथून थेट काश्मीरच्या अक्रोडांवर गेले आणि "बायचे दात?" असं स्वतःलाच विचारून परत फणसपोळीवर आले. एकदा त्यांनी एका कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने काय मदत करू असं गोड हिंदीत विचारलं. "ये अंजीर बर्फी तुमने खुद खाया है?" "सर, मैं कस्टमर केअर में हूँ." "वो ठीक है. खाया है क्या?" मुलगी गडबडली, नाही म्हणाली. "फिर बेटा, पहले तुम मंगाके खाओ, मैं परसों फोन करता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तिसऱ्या दिवशी खरंच केला. फोनवर दुसरीच मुलगी निघाली, तेव्हा पहिलीला काय झालं म्हणून हे दिवसभर काळजीत.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. डबे बायकडे नाही, आपल्याकडे मागवायचे, चाखायचे आणि पसंत पडेल तो पाठवायचा. ऐकायला किती सरळ! पहिला डबा आला, फोडला, चाखला, पसंत पडला. पण फोडलेला डबा पाठवायचा कसा? म्हणून तसाच दुसरा मागवला. तो आल्यावर आतोबा त्याच्याभोवती तीनदा फिरले. "हा त्याच्यासारखाच असेल कशावरून? एका घडाची दोन केळी सारखी नसतात." फोडला. म्हणजे ज्याची चव माहीत तो डबा पाठवण्यासारखा नाही, आणि जो पाठवण्यासारखा त्याची चव माहीत नाही. या चक्रात दसरा गेला, कोजागिरी गेली. फ्रिज भरला, मग कपाट भरलं, मग देव्हाऱ्याखालची जागा. प्रत्येक डब्यातला फक्त एक नग गेलेला, कारण एकापेक्षा जास्त खाणं हे चाखणं नव्हे असं त्यांचं म्हणणं, आणि बाकीच्याला आत्याने हात लावायचा नाही. आत्या एकदा म्हणाली, "अहो, फणी देत होतात तसाच द्या की, एक काढलेला." त्यावर ते केवढ्यांदा खेकसले! "ती घरची केळी होती. विकतचा डबा फोडून दिला तर बाय म्हणेल, यांच्या घरात उरलेलं मला पाठवलं."

मधल्या काळात मी त्यांना दोनदा होळीच्या रस्त्यावर पाहिलं. स्कूटर चालू, पाय जमिनीवर, तोंड बायच्या घराच्या दिशेला. मला बघून म्हणाले, "कुरियरवाल्याला हा रस्ता सापडेल का ते बघत होतो." त्या रस्त्यावर ते लहानपणापासून डोळे मिटून आले-गेले असतील. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

वसुबारसेच्या सुमाराला त्यांना एकदाचा डबा सापडला. नगरकडच्या कुठल्याशा बचत गटाचे खजुराचे लाडू. प्रत्येक लाडू कागदाच्या छोट्या वाटीत बसवलेला, वर खसखस. आतोबांनी एक तोंडात टाकला आणि चक्क खुर्चीवर टेकून पूर्ण संपवला. "हेच," ते म्हणाले. तसाच दुसरा डबा मागवला, आणि तो भिवंडीच्या गोदामात जाऊन बसला. मोबाईल रोज सांगायचा, पार्सल वाटेत आहे. आतोबा तासातासाला विचारायचे, "कुठल्या वाटेत?" धनत्रयोदशी झाली, लक्ष्मीपूजन झालं, पार्सल वाटेतच. माणूस इमारतीच्या फाटकापासून चौथ्या मजल्यापर्यंत इतक्या चकरा मारू लागला की पाडव्याच्या सकाळी माझ्या आत्याचा संयम सुटला. होळीची भाजीवाली रोज इमारतीखाली बसते. आत्याने तो फोडलेला डबा कपाटातून काढला, फडक्यात बांधला आणि परत जाताना बायच्या दारात दे म्हणून भाजीवालीच्या हवाली केला. नगरहून टेम्पोत आलेले लाडू शेवटचा टप्पा उरलेल्या अळूबरोबर टोपलीतून, डोक्यावर बसून गेले.

संध्याकाळी आतोबांना ते कळलं. राग आला की ते घरच्या बोलीत शिरतात, ती मला अर्धीच कळते, आणि त्या अर्ध्यावरूनच सांगतो की बाकीची कळायची गरज नव्हती. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी हळू आवाजात, सगळ्यांना कळेल असं म्हटलं. "उष्टं पाठवलंस तू. आता ती कधीच बोलायची नाय."

वडील गेल्यापासून भाऊबीजेला त्यांच्या वाटचा मी आत्याकडे जातो. यंदा गेलो तर आतोबा नवा शर्ट न घालताच गॅलरीत झारी घेऊन उभे. पाणी कुंडीतून उतू चाललेलं. आत्या मला ओवाळत असताना फोन वाजला. आतोबांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे बायचा आवाज ताटातल्या निरांजनापर्यंत आला.

"एक लाडू कमी आहे."

आतोबांनी झारी खाली ठेवली. "बाय, ते हिनं घाईत... म्हणजे दुसरा डबा भिवंडीला..."

"चाखला कोणी?"

"मी."

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"मग इतकी वर्षं का नाय चाखलास?" बायचा आवाज चिरला होता. "दर दिवाळीला अख्खे डबे. सीलसकट. अख्खा माल बाजाराला देतात, बारक्या. मी काय बाजार होते तुझा?"

सत्तरी ओलांडलेल्या, दाराएवढ्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे आणि ते इतकी वर्षं गप्प होतं. "वाडीचा राग होता माझा, तो वाडीबरोबर गेला असता," बाय म्हणाली, "पण मला वाटलं, तू मला परक्यात टाकलंस. ये आता. ताट कधीचं लावून ठेवलंय."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. शर्ट सापडेना, सापडला तर बटणं लागेनात. दारापर्यंत गेलेले आतोबा परत फिरले, "हात हलवत जाऊ?" आणि कपाटापुढे उभे राहिले. मला धडकी भरली, म्हटलं आता पुन्हा निवडानिवड. पण त्यांनी काही निवडलंच नाही. कपाटातले, फ्रिजमधले, देव्हाऱ्याखालचे, होते नव्हते ते सगळे फोडलेले डबे त्यांनी पिशव्यांत कोंबले. स्कूटरवर ते मावणं शक्य नव्हतं, म्हणून रिक्षा केली, आणि मी व आत्या मांडीवर कुंदा, फणसपोळ्या, बर्फ्या घेऊन होळीला पोचलो. आतोबांनी रिक्षावाल्याशी हुज्जतही घातली नाही.

बायने ओवाळलं. मग ओट्यावर बसून तिने एकेक डबा उघडला. प्रत्येकात ती आधी रिकामी जागा शोधायची, सापडली की मान हलवून पुढचा घ्यायची. शेवटी तिने एक लाडू तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

"बरा आहे," ती म्हणाली. "पण आपल्या राजेळीची चव नाय."

"नाय," आतोबा म्हणाले. "मी राखायला पाहिजे होती ती, बाय."

बायने लाडवाचा डबा त्यांच्याकडे सरकवला. आतोबांनी एक घेतला, आणि खाऊन झाल्यावर आणखी एक घेतला. ऊन ओट्यावरून उतरून अंगणातल्या माठाच्या भाजीवर गेलं. आत्या दोनदा म्हणाली, चला, निघू या. पण आतोबा उठले नाहीत. पाठ भिंतीला लावून, पाय पसरून ते बसून होते.