बोरन्हाणातले दाणे

अ‍ॅलर्जी तपासायला डॉक्टरांनी माझ्या भाचीच्या, पाच वर्षांच्या सईच्या हातावर थेंबांची रांग मांडली आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोचलं. बाकी कुठे काही झालं नाही. शेंगदाण्याच्या थेंबाखालची कातडी मात्र हळूहळू लाल होऊन फुगू लागली.

"अहो, हिने आजवर दाणा तोंडात घातलेला नाही," ताई म्हणाली.

"खायलाच हवा असं नाही. कातडी फुटलेली असली, तर शरीराच्या पहारेकरी पेशी तिथूनही ओळख धरतात."

मला सईचं बोरन्हाण आठवलं. इसबाने सोललेले इवले गाल, आणि मी तिच्या डोक्यावरून ओंजळीने ओतलेली बोरं, चुरमुरे, भाजके दाणे. ती खिदळत होती. तिच्या आत तेव्हा कुणीतरी न हसता ते दाणे निरखत होतं.

सईने फुगवट्यावर बोट ठेवलं.

"मावशी, आतून कोण ढकलतंय गं?"