घरून आणलेली खुर्ची

चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या आमच्या चर्चमध्ये पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात आणि मागे सतरंजी. कोणी कुठे बसायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. माझी आई गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसायची, तेही अंग चोरून.

त्या रविवारी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला धडा होता. भारी कपडेवाल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, असा भेद मंडळीत करू नका, असं तो सांगतो. चर्चचा कारभार पाहणारे मंडळीचे पंच खणखणीत आवाजात वाचत होते. तेवढ्यात दारात खाणीचे साहेब दिसले. पंचांनी ओळीवर बोट ठेवलं आणि आईला खूण केली, "काकू, उठा जरा, साहेब आले." आणि पुढची ओळ वाचायला लागले!

मी ताडकन उठून उभा राहिलो. "ती कायले उठन? आत्ता काय वाचलं तुम्ही?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाबू, उपासना चालू आहे."

अहो, तेच तर! उपासना चालू असतानाच हे झालं ना? पण आई तोवर भिंत धरून खाली बसली होती. खाणीचे साहेब तिच्या खुर्चीवर बसले. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

घरी मी तावातावाने निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. आई म्हणाली, "तुह्या कागदावर बसू का मी?"

पुढच्या रविवारी तिने घरची लाल खुर्ची डोक्यावर घेतली आणि चर्चमध्ये पहिल्या रांगेत नेऊन ठेवली.

पंच म्हणाले, "काकू, घरून कायले आनली?"

"इथली माही नाही म्हनून," आई म्हणाली आणि ऐसपैस बसली.