बाबांचा पाण्याचा कॅन

गेल्या महिन्यात बाबा गावाहून, केशोरीहून, आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी आले. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन!

कॅन कशाला, ते आधी सांगते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा बाबांचा नियम. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही... त्यामुळे बाबा येतात, बसतात, जावयाशी गप्पा मारतात आणि तहानलेलेच परत जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. तरी दरवेळी लागतंच.

यावेळी मात्र प्रकरण नाजूक होतं. बरेच दिवस बाबांना शौचातून रक्त जात होतं आणि ते "धान कापणं होऊन जाऊ दे" म्हणत अंगावर काढत होते. शेवटी गावच्या डॉक्टरांनी चांगलंच झापलं आणि गोंदियाच्या पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीने आतडं तपासायला, कोलोनोस्कोपीसाठी पाठवलं.

त्यात बाबांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. ती थांबवायची की नाही? गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, ज्यांनी सुरू केली त्यांना आधी विचारा. मला वाटलं, झालं, आता आमचा फुटबॉल होणार...

पण गोळी सुरू करणाऱ्या गावच्या डॉक्टरांनी स्वतःच गोंदियाला फोन लावला. गोळी कधी थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे दोघांनी बोलून ठरवलं आणि मला दोघांकडून एकच उत्तर मिळालं. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

आता राहिलं पोट साफ करणं. आदल्या संध्याकाळी पावडर पाण्यात कालवून प्यायची आणि वर भरपूर साधं पाणी. पोट साफ झालं नाही तर आतलं काही दिसत नाही, तपासणी वाया जाते. म्हणून तो गावचा कॅन.

पण एसटीच्या धक्क्यांनी त्याचं झाकण सैल झालं होतं. घरी पोचेपर्यंत कॅन अर्ध्याहून रिकामा आणि बाबांचा पायजमा ओलाचिंब.

पावडरीपुरतं पाणी कसंबसं पुरलं. पुढे काय? मी ग्लास भरून समोर धरला, तर बाबा तोंड मिटून बसले. मी आधी चिडले, मग रडकुंडीला आले, आणि शेवटी गावच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

"काका, पाणी काऊन नाई पिऊन राहिले? उद्या तिकडचे डॉक्टर मलेच विचारतीन, पेशंट असा कसा पाठवला म्हणून. मी काय सांगू त्याईले?"

"लेकीच्या घरचं हाय ना जी," बाबा पुटपुटले.

"मंग लेकीलेच विचारा ना, तिले काय वाटते ते."

अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले. बाबा माझ्याकडे बघत राहिले... मग त्यांनी हळूच हात पुढे केला. "आण वं माय."

दुसऱ्या दिवशी तपासणी नीट पार पडली. एक पॉलिप निघाला, म्हणजे आतड्याच्या आतला छोटासा कोंब. तो काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट चांगला आला! गोंदियाच्या डॉक्टरांनी तो गावच्या डॉक्टरांनाही लगेच पाठवला, आणि बाबांची गोळी ठरल्याप्रमाणे पुन्हा सुरू झाली. दोघांचे आभार कुठल्या शब्दांत मानू, कळत नाही.

परवा बाबा पुन्हा दाखवायला आले. दार उघडल्यावर मी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नुसती पिशवी होती.

चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "लय तहान लागली वं, पाणी दे."

मागचं पाणी ते तपासणीसाठी प्यायले होते. हे मात्र लेकीच्या घरचं म्हणून प्यायले... आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.