मेलेल्या माणसाचं व्हेरिफिकेशन

पोलीस ठाण्यात व्हेरिफिकेशनच्या टेबलावर बसलं की किस्से आपोआप साठतात, कुणाकडे मागावे लागत नाहीत. लोकांना वाटतं आम्ही पासपोर्टवाले. म्हणजे घरी जायचं, सरबत प्यायचं, सही करायची. बरंचसं तसंच आहे, खोटं कशाला बोलू! पण कधीतरी दिल्लीहून निघून मुंबईमार्गे फिरत फिरत एक वेगळा कागद येतो. त्यावर एका माणसाचा फोटो असतो आणि खाली एकच प्रश्न: परदेशातल्या तुरुंगात असलेला हा इसम आपला आहे का?

म्हणजे बघा. तिकडे वकिलात, इकडे मंत्रालय, मध्ये ढीगभर साहेब. आणि तो माणूस भारतीय की नाही हे शेवटी ठरवणार कोण? तर मी, हवालदार सावंत, आणि माझी मोटारसायकल. मी "हो" लिहिलं तर तो सुटायच्या वाटेला लागणार, "नाही" लिहिलं तर बसला तिथेच. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही.

सगळ्यांचं सांगत बसलो तर रात्र होईल. एकट्या कळंबच्या जगदीश मेहेरचं सांगतो. तेवढं पुरे आहे.

*

कागद हातात पडला आणि मी कळंबला गेलो. आठवड्याचा मधला आडवार होता, त्यामुळे किनाऱ्यावर फारसे पाहुणे नव्हते. कॉटेजच्या पाट्या ओलांडत गावात शिरलो, विचारत विचारत घर गाठलं. ओट्यावर एक म्हातारी सुके बोंबील निवडत बसली होती. हिराबाय, जगदीशची आई. मी फोटो पुढे धरला.

"मावशी, हा तुमचा मुलगा का?"

"माजा पोरगा गेला, साहेब. जहाज बुडालं त्येचं. आत जाऊन बगा."

आत भिंतीवर जगदीशचा फोटो होता, हार घातलेला. हा गडी आखातात एका टगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता. मग एजंटनं कळवलं की बोट बुडाली, कोणी वाचलं नाही. प्रेत नाही, काही नाही. घरच्यांनी काही वर्षं वाट पाहिली आणि शेवटी दर्भाचा पुतळा करून किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला. दिवस घातले, गावजेवण झालं. सगळं रीतसर. आणि मी दारात उभा, तो जिवंत आहे का विचारत.

माझ्या हातातल्या फोटोतला माणूस खंगलेला, दाढी वाढलेला. तो कोणीही असू शकला असता. म्हातारीनं एकदा पाहिलं आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. "आमचा नाय."

आता काय करणार? मी जबाबात "ओळखत नसल्याचे सांगितले" असं लिहून तिचा अंगठा घेतला. निघणार, तेवढ्यात सून आली. शुभांगी. कॉटेजवर पाहुण्यांचा स्वयंपाक करून परतत होती. तिनं माझ्या हातातून फोटो ओढूनच घेतला. उजेडाकडे धरून पाहिला.

"मान बघा कशी एका बाजूला," ती म्हणाली. "फोटो काढताना ह्यांना किती वेळा सांगितलं, सरळ बघा म्हनून."

आणि ती तिथेच जमिनीवर बसली. मी बारा गावचं पाणी प्यायलेला पोलीस, पण तिचा जबाब लिहायला मीही तिथेच जमिनीवर बसलो.

*

कागदासोबतच्या टिपणाप्रमाणे बोट बुडालीच नव्हती. चोरीचं डिझेल नेताना पकडली गेली होती आणि कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे आत गेले होते. पासपोर्ट मालकाकडे, आणि मालक फरार.

मी ठाण्यात येऊन हे सगळं पाटील मॅडमना सांगितलं. त्या आमच्या पीएसआय. त्यांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सावंत, हा माणूस आपल्याच रिपोर्टवर मेलाय."

झालं होतं असं. घरच्यांनी मिसिंगची तक्रार आमच्याकडेच दिली होती. "मिळून येत नाही" असा रिपोर्ट आमच्याच ठाण्यानं दिला होता. त्याच्या जोरावर पुढे मृत्यूचा दाखला निघाला. आता मेलेल्या माणसाला भारतीय कसं म्हणायचं? मी मृत्यूच्या नोंदी करतात त्या कार्यालयात गेलो. तिथला क्लार्क फार सज्जन माणूस.

"नोंद रद्द होते ना, काही अवघड नाही. मयत व्यक्तीनं स्वतः हजर राहून अर्ज करायचा."

"अहो, तो परदेशात जेलमध्ये आहे."

"मग सुटून आल्यावर करू दे."

"नोंद रद्द झाल्याशिवाय सुटणार कसा?"

त्यानं मनापासून विचार केला. पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अवघड आहे हो. तुम्ही जेवलात का?"

शेवटी मॅडमनीच रिपोर्ट लिहिला आणि स्वतःच्या सहीनं वर पाठवला. "सदर इसम कागदोपत्री मयत असून प्रत्यक्षात जिवंत व भारतीय आहे." मी आजवर असं वाक्य वाचलं नव्हतं. वर कुणीच त्याला हरकत घेतली नाही, याचा धक्का तर मला अजून आहे.

*

मग वकिलातीतून फोन आला. मिश्रा नावाचा तरुण अधिकारी, मोठा गोड माणूस, हिंदीत बोलायचा. जगदीश त्यालाच सापडला होता.

जगदीशकडे कागद नव्हते, म्हणून जेलवाल्यांनी त्याला भलत्याच देशाच्या नावावर लावलं होतं. त्या देशाचे लोक आले आणि "हा आमचा नाही" म्हणून गेले. आपले लोक कैद्यांना भेटायला जात, ते यादी घेऊन. यादीत याचं नाव नाही. एका दिवाळीला मिश्रा मिठाई वाटत होता, तेव्हा हा घुसून पुढे आला. "साब, मैं भी इंडिया का."

"मैंने बोला, राष्ट्रगीत गाओ," मिश्रा सांगत होता. "उसने पूरा गाया. मैं तो खुश हो गया. लेकिन जेलर हँसने लगा. बोला, साहब, आपके लोग हर साल गाते हैं. यहाँ पूरी बैरक को आता है."

मी पण हसलो. मग सहज विचारलं, त्याची शिक्षा किती उरली आहे?

"सजा? वो तो कब की खत्म हो गई, सावंतजी. लेकिन छोड़ें किसके हवाले? कोई तो बोले कि हमारा है."

मी समोरची फाईल उघडली. शिक्षा संपलेला माणूस आत बसलाय, कारण बाहेर त्याला कोणी "आपला" म्हणत नाही. आणि त्याच्या आईचा अंगठा माझ्याच फायलीत, "ओळखत नाही" म्हणून.

*

तो अंगठाच आडवा आला. सुनेचं म्हणणं एक आणि आईचं दुसरं, म्हणून वकिलातीनं सांगितलं की आईची व्हिडिओ कॉलवर समोरासमोर ओळख करून घ्या. जेलनं थोडीच मिनिटं दिली होती.

मी फोन घेऊन कळंबला गेलो तर अख्खं गाव ओट्यावर. हिराबाय पदर सावरून बसली होती. पण म्हातारीचा विश्वास बसेना. मधल्या काळात एक जण "तुमच्या पोराची खबर आणतो" म्हणून त्यांना फसवून गेला होता. स्क्रीनवर तो दाढीवाला आला आणि हुंदके देऊन रडायलाच लागला. तिकडून मिश्रा म्हणतोय, "माताजी, टाइम कम है."

"रडतो काय?" म्हातारी ओरडली. "जगदीश असशील तर सांग. घरात मी रोज काय रांधायची जे तू ताटात ठेवून उठायचा?"

तो रडायचा थांबला. इकडे तिकडे बघितलं. एवढं गाव बघून लाजला बहुतेक. मग हळूच म्हणाला, "मासे."

ओट्यावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मेहेरांचा पोरगा, बाप-आजा समुद्रावर गेलेले, आणि मासे खात नाही? घरानं ही गोष्ट इतकी वर्षं गावाला कळू दिली नव्हती. शुभांगीनं तोंडाला पदर लावला. शेजारचा म्हातारा तर डोक्याला हात लावून बसला.

हिराबायनं फोन माझ्या हातात दिला. "लिवा साहेब. माजाच हाय. ह्ये दुसऱ्या कोनाला ठावं नाय."

*

पुढची धावपळ सगळी शुभांगीची. दर सोमवारी ती ठाण्यात हजर. सोमवारी कॉटेजवर पाहुणे नसतात. खुर्चीत बसायची, पाणी प्यायची आणि विचारायची, "काय झालं?" काही झालेलं नसेल तर उठायची नाही. मॅडम तिला घाबरायला लागल्या होत्या. तिच्या तगाद्यामुळेच मी वर फोन करत राहिलो, हे कबूल करतो.

परतीच्या प्रवासाचा दाखला निघायच्या आधी तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी तिला तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे घेऊन गेलो. टायपिस्टनं विचारलं, "कोण लिहू? पत्नी की विधवा?"

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या रेशनकार्डावर, आधारवर, बँकेत, सगळीकडे ती विधवा होती. गळा मोकळा. समोर नवऱ्याला जिवंत सोडवायचा कागद.

"नक्की काय सांगू, भाऊ?" तिनं विचारलं.

टायपिस्टला रांग संपवायची होती. "ताई, आजच्यापुरतं सौभाग्यवती लिहितो. चालेल?"

ती "चालेल" म्हणाली. मला मात्र त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

*

जगदीशला आणायला मॅडमनी मला विमानतळावर पाठवलं. म्हातारीला प्रवास झेपत नव्हता आणि शुभांगीवर घरच्या स्वयंपाकाचा भार होता. मी युनिफॉर्म कडक इस्त्री करून गेलो. म्हटलं, सरकारतर्फे स्वागत करतोय, नीटनेटकं जावं.

तो बाहेर आला. हातात एक पिशवी. मला पाहिलं, थांबला, पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढे धरली.

मी त्याचे हात धरून खाली केले. "अरे, घरी चाललायस," एवढंच म्हणालो. गाडीत मी युनिफॉर्मवर जॅकेट चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. उकाड्यात घामानं भिजलो, पण काढलं नाही. सातिवलीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "साहेब, एवढी माणसं कुठून आली?"

*

घरी पोचलो. मला वाटलं आता आई धावत येईल, मिठी मारेल, मी फोटो काढून मॅडमना पाठवीन. कसलं काय! हिराबाय दारात आडवी उभी. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण उंबऱ्यावरून हलायला तयार नाही. शेजारी गावचे भटजी. ज्यांनी त्याचे दिवस घातले होते, तेच.

"ज्याला अग्नी दिला तो तसाच घरात घेता येत नाही," भटजींनी मला समजावलं. "त्याचा नव्यानं जन्म व्हायला पाहिजे."

आणि त्यांनी केला की हो! माझ्या डोळ्यांदेखत. चाळिशीच्या माणसाला अंगणात तूप चोळून आंघोळ घातली. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या. आत्या होती थकलेली, काठी टेकत आली आणि वाकून त्याच्या कानात नाव सांगून गेली. जगदीश. सगळे हसत होते, रडत होते. तोही हसत होता. मी टोपी काढून एका कडेला उभा होतो. असं काही नोकरीत पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता पानं घ्यायची, असं मी म्हणतोय, तोच भटजींनी हात वर केला. "थांबा. जन्म झाला, बारसं झालं. पण पहिलं लग्न त्या गेलेल्या माणसाचं होतं. याचं लग्न लागायचंय अजून. मुहूर्त चांगला आहे, आत्ताच लावून टाकू. सून कुठाय?"

हिराबायनं कमरेच्या पिशवीतून मंगळसूत्र काढलं. जपून ठेवलेलं. कोणीतरी हार आणले. माणसं बाजूला झाली.

शुभांगी चुलीपाशी होती. एवढ्या लोकांचा स्वयंपाक तिनंच केला होता. हात पुसत बाहेर आली. मंगळसूत्राकडे पाहिलं. मग लुगड्यात गुंडाळलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि भात उतरवायला आत गेली.