होडीला ऊन दाखवलं, त्याची गोष्ट

नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी. त्यांनी मला पन्नाशीत बघायला हवं होतं. पदर खोचला की या बाईला जगातलं सगळं कळायचं.

लेक तेव्हा स्टुटगार्टला जुन्या लाकडावर पीएचडी करत होती आणि मी उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. शहरापासून लांब एका दलदलीत, पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या, काळ्या ओल्या थरात, हजारो वर्षांपूर्वीची होडी सापडली होती. एकाच ओंडक्यातून कोरलेली. तिथे हवा शिरत नाही, म्हणून ती कुजली नव्हती. लेकीला त्या कामावर घेतलं होतं, पण कच्चंच. पक्कं करणं तिच्या प्राध्यापकबाईंच्या हातात. एका शनिवारी ती मला होडी दाखवायला घेऊन गेली.

दुपारी सगळे तंबूत जेवायला गेले. "आई, माझं दोन मिनिटांचं काम आहे. इथेच बस. कशाला हात लावू नकोस हं."

बसले. होडीवर ओली फडकी, त्यावर प्लास्टिक. बादलीत विसरलेल्या कपड्यांसारखा कुबट वास. आणि वर काय सुरेख ऊन! जर्मनीतलं ऊन वाया घालवायचं? प्लास्टिक काढलं, फडकी घट्ट पिळली, कुंपणावर टाकली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून केसांतल्या पिना लावल्या. होडीला म्हटलं, "खा बाई जरा हवा." स्वतःवर इतकी खूश, की विचारू नका.

लेक आली ती अर्ध्या तासानं, किंचाळतच. "आई! पापड आहेत का ते?"

हे लाकूड सुकलं की तडकतं. टोकाशी केसाएवढी चीर गेलीच होती. प्राध्यापकबाई धावत आल्या. लेक जर्मनमध्ये काही सांगू लागली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. भाषा नाही कळली, बोट कळलं. मी मध्ये घुसले. "नो, नो! आय! मदर!" फडकं पिळायचा अभिनयही केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पिना लावलेल्या फडक्यांकडे, आणि होडीवर पाणी शिंपायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "निदान खरं तरी कळलं त्यांना."

"हो ना. आता होडी दुसरं कुणीतरी बघणार आहे. निघताना बाई म्हणाल्या, तुला आई सांभाळता येत नाही."