पहिला नंबर आजीचा

रविवार, मार्च १९८६, चुडावा. हजर: आमचे डॉक्टर, नर्सबाई, यादी लिहिणारी मी आणि अकरा बायका.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की सुना लाजतात. म्हणून एरवी ताप-खोकला बघणारे हे डॉक्टर आधी सासूलाच हाक मारतात. "आजी, पहिला नंबर तुमचा. तुमचाच." सासू ताठ मानेनं आत जाते, मागोमाग सुना. महत्त्वाचं असेल ते डॉक्टर दोनदा बोलतात.

मागच्या खेपेला तपासलेल्या एका आजीचा रिपोर्ट वाईट आला होता. आज ती आलीच नाही, म्हणून आम्ही तिच्या खळ्यावर गेलो. ती एकटीच ज्वारी उपणत होती.

"रास झाल्यावर येते की."

"आत्ता औरंगाबादला गेलात तर बऱ्या व्हाल, आजी. बऱ्या व्हाल."

"अन् खळं कोण करील? तुमी?"

डॉक्टरांनी बूट काढले, सूप घेतलं आणि उपणायच्या उंच तिवईवर चढले. सगळं भूस त्यांच्याच डोक्यावर. आजी खो-खो हसली, मग तिनं त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"उतरा, डॉक्टर. येते मी."

मी यादी विसरून त्या माणसाकडे बघत राहिले.

दुपारच्या गाडीनं नर्सबाई आजीला घेऊन गेल्या. निम्मी ज्वारी अजून आम्हाला उपणायची आहे.