बर्फ आणण्याचं काम

व्हर्नीसचा फोन आला तेव्हा ओझेला मिम्स भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडायला टाकत होती. ऑगस्टचा पहिला रविवार चार दिवसांवर आला होता. त्या दिवशी मिम्स घराण्यातली सगळी माणसं चर्चमागच्या पटांगणात जमतात आणि कुणी काय करून आणायचं याची यादी व्हर्नीस करते. व्हर्नीस ही ओझेलाची थोरली नणंद.

"ओझेला, यंदा तू बर्फ आण."

"काय आणू?"

"बर्फ गं. आणि कागदी ताटल्या. तुझ्या हाताला ताण नको. केक मी शहरातल्या बेकरीतून मागवते."

ओझेलाने शेंगांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, जरा जोरातच.

मिम्स मंडळींत बर्फ कोण आणतं हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. जिच्या हातची चव अजून कुणी घेतलेली नाही अशी नवी सून आणते. नाहीतर व्हर्नीसचा जावई आणतो, कारण त्याने एकदा केळ्याच्या पुडिंगात बिस्किटांच्या जागी पावाचे तुकडे घातले होते. त्याला अकरा वर्षं झाली, पण तो अजून बर्फच आणतो.

ओझेलानेही लग्नानंतर दोन वर्षं बर्फ आणला होता. तिसऱ्या वर्षी, कुणाला न विचारता, तिने नऊ थरांचा चॉकलेट केक करून गोडाच्या टेबलावर ठेवला. अलाबामाच्या या दक्षिण टोकाला केकची उंची कुणी बघत नाही, थर मोजतात. थर भाकरीपेक्षा पातळ हवा आणि प्रत्येक थर गरम असतानाच त्यावर उकळतं आयसिंग पडायला हवं, म्हणजे ते आत मुरतं. पहिला तुकडा कापला की घरातला सर्वांत वयस्क माणूस सुरीच्या टोकाने थर मोठ्याने मोजतो. नवाचे अकरा झाले, अकराचे तेरा, आणि गेली वीस वर्षं ओझेलाचा केक पंधरा थरांचा होता. रताळ्याची पाई, पेकान नावाच्या अक्रोडासारख्या मेव्याची पाई, पीच फळांचं भाजलेलं कॉब्लर, सगळं बाजूला सरकायचं आणि मधली जागा तिच्या ताटाची असायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं चारशे मुलांना जेवू घातलं होतं, पण अभिमान तिला त्या जागेचा होता.

जानेवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात मात्र अर्धाच परत आला. त्यात कप धरला तर धरला जायचा. गरम साचा धरायचा म्हटलं की बोटं ऐकायची नाहीत.

"कुणाचा फोन?" लेव्हॉनने दारातून विचारलं.

लेव्हॉन तिचा एकुलता मुलगा, एक्केचाळीस वर्षांचा, लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. वसंतात त्याचा संसार मोडला आणि दोन पिशव्या घेऊन तो मागच्या खोलीत राहायला आला. तेव्हापासून तो विचारलं तेवढंच बोलायचा. कामावरून आला की अंगणात ट्रकचं इंजिन बंद करून आतच बसून राहायचा. ओझेला खिडकीतून बघायची. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. गोड बर्फाळ चहाचा ग्लास घेऊन बाहेर जावं की न जावं, हे तिला एकाही दिवशी ठरवता यायचं नाही.

"तुझ्या आत्याचा. मला बर्फ आणायला सांगते आहे."

लेव्हॉनने डोक्यावरची टोपी काढली. एखाद्याच्या घरी मयत झाल्याचं कळावं तसा त्याचा चेहरा झाला.

"तुला?"

"मला. शनिवारी सकाळी मोकळा आहेस का?"

"आहे."

"मग हात स्वच्छ धुऊन ये."

शनिवारी सात वाजता तो स्वयंपाकघरात उभा राहिला तेव्हा ते स्वयंपाकघर लहान वाटायला लागलं. आईने त्याला शाळेतून निवृत्त होताना आणलेली पळी दिली. पत्र्याचे गोल साचे तीन होते, म्हणजे एका वेळी तीन थर भाजून निघणार.

"अर्धी पळी ओतायची आणि साचा फिरवायचा. समजलं?"

"केक आहे ना आई, इंजिन नाही."

त्याने भरभरून पळ्या ओतल्या. सहा मिनिटांनी ओव्हनमधून बाहेर आले ते थर नव्हतेच, नाश्त्याच्या गोड धिरड्यांसारख्या तीन जाडजूड चकत्या होत्या.

"असे थर असतील तर पंधरा कशाला, नऊसुद्धा व्हायचे नाहीत," ओझेला म्हणाली. "तुझ्या आत्याचा जावई बरा म्हणायचा."

"लागलीच जावयावर?"

"काकवी घालून खाऊन टाक. आणि ट्रकमधून माती ओतल्यासारखं ओतू नकोस."

तिने आणखी पीठ कालवलं. आता तो वाकून, जीभ दातांत धरून ओतू लागला. साचा तिरका करायचा, गोल फिरवायचा, पीठ कडेपर्यंत जेमतेम पोचेल इतकंच. शेगडीवर कोको, साखर, लोणी आणि आटीव दूध उकळत होतं. ओझेला उजव्या हाताने ढवळत होती, पण पातेलं घसरायला लागलं की डावा हात नुसता बघत राहायचा. लेव्हॉनने काही न विचारता पातेल्याचा दांडा धरला. तिने थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून बोटाने गोळा केला.

"गोळीबंद झालाय. आता थांबायचं नाही. हा पाक कुणासाठी थांबत नाही."

मग बोलायला वेळ राहिला नाही. तो थर उलटा करून ताटावर टाकायचा, ती वरून डावभर आयसिंग सोडायची, ते कडेने ओघळायच्या आत पुढचा थर. सहावा थर उचलताना मधोमध फाटला.

"आत ठेवू या," लेव्हॉन म्हणाला. "वरून आयसिंग पडलं की कुणाला दिसणार आहे?"

"सुरीला दिसतं. इकडे दे तो."

तिने फाटलेला थर दोघांत वाटला. उभ्या उभ्या, घामाने निथळत, बोटं चाटत त्यांनी तो खाल्ला. लेव्हॉन म्हणाला, "बाबा मला हाच तुकडा द्यायचे, फाटलेला. मला वाटायचं, तू मुद्दाम फाडतेस."

"मुद्दामच फाडायचे मी," ओझेला म्हणाली.

तो हसला. मार्चनंतर पहिल्यांदा. ओझेलाने तोंड शेगडीकडे वळवलं, कारण आयसिंग घट्ट होत होतं, आणि दुसऱ्या कारणासाठीही.

या सगळ्यात मोजणी तिच्या हातून सुटली. शेवटी भांडं खरवडून लेव्हॉनने आणखी एक थर काढला. इतका पातळ की त्यातून खिडकी दिसावी.

"सोळा," तो म्हणाला.

"पंधरा असतील. माझे पंधराच होतात."

"बघू उद्या."

घराण्याची रीत अशी की ताटाच्या तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, म्हणजे रिकामं ताट आपल्या घरी परत येतं. रविवारी सकाळी लेव्हॉन गाडीत सामान भरत असताना ओझेलाने केकचं ताट टेबलाच्या कडेबाहेर जरासं सरकवलं, खालची जुनी पट्टी खरवडून काढली आणि नवी चिकटवली.

वाटेत तिने त्याला पेट्रोल पंपावर थांबायला लावलं आणि बर्फाच्या दोन पिशव्या घेतल्या.

"हे कशाला?"

"सांगितलेलं काम मी टाळत नाही."

पटांगणात व्हर्नीसने आधी बर्फ पाहिला आणि मग लेव्हॉनच्या हातातला केक. बेकरीचा पांढरा खोका टेबलाच्या मधोमध होता. व्हर्नीसने क्षणभर ओझेलाकडे बघितलं, मग खोका स्वतःच कडेला सरकवला.

"हट्टी ती हट्टीच तू."

"बर्फ आणलाय ना मी. डब्यात ओत."

जेवणं झाल्यावर होझिया काकांना, वय वर्षं त्र्याण्णव, खुर्चीसकट टेबलाशी आणलं. त्यांनी पहिला तुकडा कापला, आडवा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि सुरीचं टोक लावलं. बारापर्यंत पोरं ओरडत होती. चौदानंतर सगळे टेबलावर वाकले.

"पंधरा," काका म्हणाले. सुरी थांबली. "आणि हा कोण लपलाय? सोळा!"

पटांगणात एकच गलका झाला. कुणीतरी ओझेलाच्या पाठीवर थाप मारली. व्हर्नीसने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि स्वतःच्या हाताने आणखी एक तुकडा कापून घेतला. तिच्या बाबतीत ही मोठीच दाद होती.

"एका हाताने सोळा थर!" शेवटी ती म्हणाली. "कसे केलेस गं?"

"ताट रिकामं झालं की उलटं कर."

ताट दहा मिनिटांत रिकामं झालं. व्हर्नीसने ते उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं, "लेव्हॉन मिम्स."

पुरुषमंडळी हसली. "लेव्हॉन, एप्रन फुलाफुलांचा शिवलास का रे?" चुलतभावाने विचारलं.

लेव्हॉनचे कान लाल झाले. त्याने आईकडे बघितलं. तिने मान वर करून तशीच ठेवली, शाळेच्या स्वयंपाकघरात इन्स्पेक्टर आला की ठेवायची तशी.

"शिवतो," तो चुलतभावाला म्हणाला. "तू एकदा सोळा थर करून दाखव, तुलाही शिवून देतो."

होझिया काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

व्हर्नीसने तिथल्या तिथे वही काढली. पुढच्या वर्षीची यादी ती त्याच दिवशी सुरू करते. तिने लिहिलं, केक: लेव्हॉन. मग पेन्सिल धरून ती अडखळली. "आणि ओझेला, तुझ्या नावापुढे काय लिहू?"

ओझेलाने उजव्या हाताने टेबलावरचा सांडलेला चुरा गोळा केला. पलीकडे पोरांचा घोळका लेव्हॉनला विचारत होता की पाक गोळीबंद झाला हे कसं ओळखायचं, आणि तो हातवारे करून सांगत होता. भरभरून बोलत होता.

"बर्फ लिही," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "बर्फ मी आणीन."